मुळी आणि गोळी

"यांनी झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्यात का?" डॉक्टरांनी विचारलं.

सकाळचे नऊ वाजले तरी माझे यजमान उठले नव्हते. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तरी नुसतं 'हं' करून पुन्हा डोळे मिटले. रिक्षात घालून रत्नागिरीतल्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, "हे ओव्हरसेडेशन." म्हणजे औषधाची गुंगी बेसुमार चढणं.

दोन महिन्यांपूर्वी यांना अँग्झायटी, म्हणजे सतत मागे लागलेली धास्ती, असल्याचं निदान झालं होतं. मिरजोळ्याच्या कारखान्यात कामगारकपातीची बोलणी सुरू झाल्यापासून छाती धडधडायची, झोप उडाली होती. झोपताना अल्प्राझोलामची एक बारीक गोळी सुरू झाली.

दिराकडून गोळ्यांचं पाकीट मागवलं. मोजल्या तर गोळ्या बरोबर होत्या. "दुसरं कुठलं औषध?" डॉक्टरांनी तीनतीनदा विचारलं. मी नाहीच म्हणत राहिले. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "घरात काही वाद? यांनी दुसरं काही खाल्लं असेल?"

मी हादरलेच. म्हणजे यांनी जीव द्यायचं ठरवलं होतं? आणि मला पत्ताही नाही? यांचा इतका राग आला, की मागाहून माझीच मला लाज वाटली.

दुपारी यांची आत्या चहा घेऊन आली. ती मूळची संगमेश्वरची, आमच्याकडेच असते. डॉक्टरांनी तिलाही दुसऱ्या औषधाचं विचारलं.

"औषध कसलं मेलं? झोपेसाठी तगराची मुळी तेवढी उगाळून देते हो दुधातून. या आठवड्यात फार घाबरत होता, म्हणून दुप्पट दिली."

"आजी, ते औषधच."

"मुळी ती. औषध दुकानात मिळतं."

मुळी उगाळलेली सहाण रोज मीच धूत होते. पण आमच्या घरात मुळी, काढा, चाटण यांना औषध कुणी म्हणतच नाही. यांना झोप लागली की मी म्हणायची गोळीचा गुण, आत्या म्हणायची मुळीचा. दोन्ही एकाच पोटात जातंय, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही गुंगीच आणतात. झाडाचं ते सौम्य, असं धरू नका. गोळीत औषध किती ते ठरलेलं असतं, मुळीत किती उतरलं कुणाला ठाऊक? आणि आता घाबरून गोळी मनाने बंद करू नका, तीही हळूहळूच सोडवायची असते."

संध्याकाळी यांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. आत्या रडायला लागली.

तुमच्या घरी कुणाला हा त्रास असेल, तर घरात उगाळलेलं, उकळलेलं सगळं डॉक्टरांना सांगा. आमचे डॉक्टर चिकाटीने विचारत राहिले, म्हणून माझा माणूस मला परत मिळाला. आत्या येईपर्यंत मी यांच्याबद्दल काय समजून बसले होते, ते मात्र यांना सांगायचा मला अजून धीर झालेला नाही. हे लिहिलेलं वाचतील तेव्हाच यांना कळेल.