माझ्या खडूची रेघ

नांदेडच्या बाजारात मी उभी हयात हमाली केली. ट्रक भर चौकात थांबायचे, वाट तुंबायची अन् शिव्या आम्ही खायचो. एकदा रस्त्याचं काम बघणारे साहेब नकाशा घेऊन आले. माल उतरवायची जागा त्यांनी चढाच्या खाली ठरवली. दुकानं मात्र सगळी वर. माझं डोकं सणकलं. म्हणलं, "साहेब, एक पोतं पाठीवर घेऊन चढून दाखवा."

त्यांनी खरंच घेतलं. अर्ध्यातच टेकले. म्हणाले, "तुम्हीच दाखवा जागा."

पोत्यांवर खुणा करायचा खडू खिशात होताच. मी वरच्या अंगाला रेघ मारली. आज तिथंच माल उतरवायला रंगवलेली पांढरी चौकट आहे.

परवा त्यात त्याच साहेबांची गाडी उभी दिसली. मी काचेवर टकटक केलं. "काढा साहेब, ही जागा मालाची हाय."

त्यांनी लगेच काढली.