मागच्या काचेवरची नावं

दुसरं बाळ येणार म्हणून छोटी गाडी देऊन टाकायची ठरवली आणि सात सीटची एक जुनी गाडी बघायला गेलो. गाडी ऐसपैस होती, बायकोलाही आवडली. मी सहज मागे गेलो, तर तिरप्या उन्हात काचेवर तीन नावं दिसली. हौसेनं चिकटवलेली मुलांची नावं कुणीतरी खरवडून काढली होती, पण त्या अक्षरांपुरती काच अजून नवी होती. किती निर्धास्तपणे लिहितो आपण ही नावं, जणू रस्ता ती वाचून जपूनच नेणार आहे.

“का विकली हो त्यांनी?” मी एजंटला विचारलं.

तो फडक्यानं काच पुसू लागला. “आता त्यांना एवढी मोठी लागत नाही.”

आतून माझी लेक ओरडली, “बाबा, माझं नाव मागच्या काचेवर लावायचं हं!”