नाकवाले आणि पोस्टवाले

गावभर त्यांना नाकवाले म्हणत. लाकडी फळीवर कवींची व्यंगचित्रं कोरायची, शाई लावून छापायची आणि दुकानाच्या काचेत टांगायची, हा त्यांचा धंदा. नाकं अशी काढत की माणूस लांबून ओळखू यावा. एक कविवर्य स्वतःच्याच पुतळ्याला हार घालतायत, दुसरे श्रोत्यांना खुर्चीला बांधून कविता ऐकवतायत. लोक काचेसमोर पोट धरून हसत, पण आत कुणी येत नसे. कवींनी बोलणंच टाकलं होतं. बाकीचेही 'उगाच आपली पाळी यायची' म्हणून चार हात लांब राहत. बायको गेल्यापासून नाकवाले दिवसाकाठी एखादं वाक्य बोलत, तेही दूधवाल्याशी.

एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ आत आले. पोस्टातून निवृत्त झालेले. पदरमोड करून चार कवितासंग्रह काढलेले.

"माझ्यावर काही राग आहे का तुमचा?"

"छे हो! का?"

"गावातल्या झाडून सगळ्या कवींची टर उडवलीत. मला तेवढं वगळलंत."

नाकवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा."

पोस्टवाले बसले आणि बोलत राहिले. गुडघेदुखी, सूनबाई, अडलेलं एक यमक. रेखाटन तासाभरात झालं असतं, पण नाकवाल्यांनी मान हलवली. "कान जमला नाही. उद्या या." दुसऱ्या दिवशी भुवई जमली नाही. तिसऱ्या दिवशी फळीच चिरली म्हणाले. रोज दोन कप चहा होऊ लागला.

आठव्या दिवशी पोस्टवाले म्हणाले, "अहो, एवढ्यात माझा पाचवा संग्रह झाला असता!"

मग इलाज उरला नाही. चित्र छापलं: पोस्टवाले स्वतःच्या कविता स्वतःलाच रजिस्टर्ड टपालानं पाठवतायत आणि दारात स्वतःचीच सही घेतायत. डोळ्यांत पाणी येईस्तोवर ते हसले. ओली प्रत दोन्ही हातांत धरून सगळ्यांना दाखवायला गेले, ते परत आले नाहीत.

चित्रानं पोस्टवाल्यांचं नाव झालं, सभांची बोलावणी येऊ लागली. रस्त्यापलीकडून ते हात हलवत, पण घाईत असत. रागवावं तरी कशावरून?

एकदा नाकवाले धीर करून सभेला गेले. शेवटच्या रांगेत बसताच शेजारचे तिघे उठून पुढे गेले. व्यासपीठावरून पोस्टवाल्यांनी त्यांना पाहिलं, जरासे हसले आणि कविता वाचताना हातवारे आवरते घेतले. कविता वाईटच होती. नाकवाल्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि बाकीचे उठायच्या आत ते बाहेर पडले.