बॅटरी ओसरीवर होती

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही, आणि हे वाचून तुम्ही कितीही कमेंट टाकल्या तरी मानणार नाही. आमचं घर बौद्ध. हे सगळं सोडण्याची शपथ माझ्या आजोबांनी घेतली, तेव्हापासून आमच्याकडे लिंबू फक्त सरबतासाठी येतं. त्यात मी मलकापूरला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते. मीटर लावल्याशिवाय मी कुणाचं खरं मानत नाही. तरी लिहितेय, कारण गावात या प्रकाराची जी कथा करून ठेवलीय ती मला मुळीच मान्य नाही.

गाव मोताळा तालुक्यातलं. नाव देत नाही, उगाच जुनी भांडणं उकरायची नाहीत. माझे बाबा तिथे शाळेत मास्तर होते. त्यांनी एका कापूस जिनिंगवाल्याच्या शेडमधून एक विलायती गाडी उचलून आणली होती — जुनीपुराणी, कासवासारखी पाठ असलेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. बाबांनी ती हळूहळू उभी केली, आणि मग दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत ती सगळ्यात पुढे! टपावर फोटो, दोन्ही बाजूंनी निळे झेंडे. बाबा गेल्यापासून गाडी मी चालवते आणि मीच सांभाळते.

इथे जुन्या गाड्यांचे शौकीन बरेच आहेत, म्हणून थोडं सांगते. अशा गाडीला मोठ्यात मोठी बॅटरी आणायची हौस करू नका. जुना डायनॅमो ती कधीच पूर्ण भरू शकत नाही, मग ती कायम अर्धपोटी राहते आणि लवकर मरते. खोबणीत नीट बसेल तेवढीच घ्या. आमच्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी भराभर उडतं, तेव्हा बघत राहा, आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. घरच्या फिल्टरचं चालत नाही. आणि मुख्य म्हणजे अर्थिंग बघा. आजच्या गाड्यांत मायनस बॉडीला जोडलेली असते. आमच्या गाडीत प्लस! हे न बघता काही जोडाल तर पस्तावाल.

आणखी एक. या गाडीला वळायचं असलं की दोन दारांमधल्या खांबातून वीतभर दांडी बाहेर येते, आत पिवळा दिवा. आमच्याकडे त्याला 'हात देणं' म्हणतात. आत चुंबकाची कॉइल आहे. करंट मिळाला की हात उठतो, करंट तुटला की पडतो. तिसरी गोष्ट होत नाही.

आता गेल्या वर्षीच्या जयंतीचं. आमची मिरवणूक पेठेतून कधी गेलीच नव्हती. चौफुलीवर आली की निमूट उजवीकडे वळायची आणि गावाबाहेरच्या रस्त्यानं परत. डावीकडे पेठ. तिकडून जायला मिळावं म्हणून बाबांनी जन्मभर अर्ज केले. परवानगी आली ती ते गेल्यावर. मला वाटलं होतं, निदान आता तरी... पण ऐन जयंतीच्या दिवशी दुपारी सुदामकाका घरी आले. सुदामकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, जयंती मंडळाचे अध्यक्ष.

"पोरी, आपुन बाहेरूनच जाऊ," काका म्हणाले. "परवानगी भेटली, हे साऱ्यायले माहीत झालं. आता दाखवाची काय गरज हाय?"

"काका, जायचंच नव्हतं तं मागतली कायले?"

"तू जाशीन मलकापूरले नोकरीवर. आमाले इथंच राहा लागते."

ते खोटं नव्हतं. पण मला इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही.

तेवढ्यात बाहेर धूर! मंडळाच्या पोरांनी गाणी वाजवायला ॲम्प्लिफायर आणून मागच्या सीटवर ठेवला होता आणि वायरी थेट बॅटरीला जोडल्या होत्या. त्याची लोखंडी पेटी मायनसवर, गाडीची बॉडी प्लसवर, आणि पेटी बॉडीला टेकलेली. वायर वितळून लोंबत होती.

"काय करून राह्यले बे! जाळता का गाडी?" मी ओरडले. एकजण म्हणाला, "ताई, आमच्या पिकअपले असंच लावतो."

तुमच्या पिकअपचं इथे काय? मी बॅटरीच सोडवली, उचलली आणि आमच्या ओसरीवर फळीवर नेऊन ठेवली. मोकळ्या वायरींना चिंध्या बांधल्या. ॲम्प्लिफायर मिरवणुकीतल्या मागच्या ट्रॅक्टरवर गेला, आणि वायरिंग तपासल्याशिवाय बॅटरी लावायची नाही म्हणून गाडी ढकलत न्यायची ठरली.

म्हणजे बघा — इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, बॅटरी घरी. स्टिअरिंगवर मी, मागून ढकलणारी पोरं, पुढे काका चालताहेत. ऊन अजून होतं, पण चौफुलीवर निंबाची सावली पडली होती. काकांनी मागे वळून उजवीकडे बोट दाखवलं. मी स्टिअरिंग उजवीकडे घ्यायला लागले.

खट्.

तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. डावीकडचा हात उठला होता. नुसता उठला नव्हता, दिवासुद्धा लागला होता.

"हात देल्ला! डावीकडं हात देल्ला!" मागून ओरडा झाला. ताशा थांबला, गाडीही थांबली. मी हात द्यायच्या स्विचकडे बघितलं, तो मधोमध. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. काका खिडकीशी आले. ते घामानं निथळत होते.

"तू देल्ला?"

"नाही."

"बॅटरी लावली का परत?"

"ओसरीवर हाय, काका."

ते त्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहिले. उजवीकडे चल म्हणाले नाहीत, डावीकडेही म्हणाले नाहीत. मला भीती वाटली का? वाटली, खोटं कशाला सांगू. हाताची नाही, पेठेची भीती वाटली. मी पोरांना म्हटलं, "ढकला," आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

पेठेत दोनचार शटर खाली गेली. एका किराणावाल्यानं पाण्याचा जार पुढे केला. एक शिंपीचाचा मशीन थांबवून दारात उभे राहिले आणि हसून म्हणाले, "मास्तरसाब की गाडी है ना?" बस, एवढंच झालं. ना दगड, ना शिवी. पेठ संपली आणि हात आपसूक खाली पडला.

घरी येऊन बॉनेट उघडलं. खोबण रिकामी, चिंध्या जशाच्या तशा. डायनॅमो म्हणाल, तर इंजिन फिरतच नव्हतं. ॲम्प्लिफायरची वायर म्हणाल, तर तो ट्रॅक्टरवर. धक्क्यानं हात क्षणभर उचलला जाईलही, पण टिकणार नाही, आणि धक्क्यानं दिवा लागत नाही! दुसऱ्या दिवशी बॅटरीशिवाय गाडी त्याच चौफुलीवर पुन्हा ढकलत नेली. एकदा नाही, अनेकदा. काही झालं नाही.

गावाला मात्र माझ्या तपासणीची गरज नव्हती. सकाळी बॉनेटवर हळदकुंकू आणि फोडलेला नारळ! मी सगळं ओल्या फडक्यानं पुसून काढलं. शेजारच्या गावचा एकजण नवा ट्रॅक्टर घेऊन दर्शनाला आला, त्यालाही परतवून लावलं. माझ्या बाबांना देव करू नका आणि भूतही करू नका, असं मी दारात उभी राहून सांगितलं.

माय म्हणाली, "तुह्या बाबानंच हात देल्ला वं."

"माय, बाबा गेले."

"मंग कोनं देल्ला?"

"मले नाही माहीत."

खरंच नाही माहीत. ते बाबाच होते असं मानता आलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं, हे मायला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. पण मग त्या दिवशी आम्ही काय केलं? बाबांनी हात दिला म्हणून मिरवणूक पेठेत गेली, असं जो तो म्हणतो, ते माझ्या डोक्यात जातं. गाडी पोरांनी ढकलली. वळवली मी.

यंदा मिरवणुकीच्या आधी काका हळूच जवळ आले. "पोरी, औंदा हात नाही उठला तं?"

"तं मी देईन," म्हटलं. "स्विच कायले हाय?"

बॅटरी जागेवर होती, भरलेली. चौफुलीवर काही आपोआप उठलं नाही. मी स्विच डावीकडे दाबला.