तात्यांच्या आवाजावरचा ठपका

दुसरा तास संपवून स्टाफरूममध्ये आले, फोन उघडला, तर माझं पेज नव्हतं. त्याच्या जागी दोन ओळी होत्या. तुमच्या मजकुराने आमच्या समाजाच्या नियमांचा भंग केला आहे. कारण: हिंसा. खाली एक बटण, निर्णय मान्य नसल्यास कळवा म्हणून.

मी सोलापुरात ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवते. माहेर मंगळवेढ्याच्या बाजूचं, घरात ज्वारी आणि मेंढरं दोन्ही. नऊ वर्षं मी त्या पेजवर आमच्याकडची बोली साठवत होते. लिहून नाही, आवाजात, कधी व्हिडिओत. हुरडा भाजता भाजता बोलणारा म्हातारा, घोंगडी विणणारी बाई, नवऱ्याचं नाव न घेता त्याला हाक मारायच्या बारा तऱ्हा हसत हसत सांगणारी माझी मावशी. वीसेक हजार लोक ऐकत. कुणी पुण्यातून लिहायचं, "आमची आजी अशीच बोलायची." मला त्याचा अभिमान होता. आज त्या अभिमानाचीही चीड येते.

हिंसा कुठली, तर माझ्या धाकट्या चुलत्यांचा व्हिडिओ. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर मेंढरांमागे फिरलेले. त्यात ते कोकराचा कान बोटांत धरून सांगतात, "हितं असा काप द्यायाचा. रगत येतंय थोडं, हळद लावायची. मग दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी आपलं वळखू येतंय." एवढंच. व्हिडिओत ते कापतसुद्धा नाहीत, नुसतं दाखवतात.

मी बटण दाबलं. सविस्तर लिहिलं, शिक्षिकेला शोभेल अशा भाषेत. चार मिनिटांत उत्तर आलं: निर्णय कायम. नऊ वर्षांचे आवाज चार मिनिटांत कोण ऐकतो? कुणीच ऐकलं नव्हतं. मी सहा वेळा लिहिलं. सहाव्यांदा भाषा शोभेशी राहिली नव्हती. उत्तर मात्र तेच, शब्दाला शब्द.

मग पोलिसांकडे तक्रार द्यायला गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, कुणी तुमचे फोटो वापरले का?"

"नाही."

"धमकी वगैरे?"

"नाही. माझं सगळं काम काढून टाकलंय."

"ज्यांचं आहे त्यांनीच काढलं ना? मग तक्रार कुणावर घेऊ?"

ज्यांचं आहे त्यांनी. रिक्षात बसल्यावर मी हे शब्द मोठ्यानं म्हणाले, तर रिक्षावाल्यानं वळून बघितलं.

खरा राग स्वतःवर होता, तो मी बाकीच्यांवर काढत होते. मूळ आवाज माझ्याकडे नव्हते. फोन भरला की पुसून टाकायची, तिथं आहेतच की म्हणून. मावशीला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा आवाज फक्त तिथं होता.

पुढच्या रविवारी गावी गेले. तात्या ओट्यावर बसले होते, मला बघून उठले नाहीत. चहा झाला. मग म्हणाले, "माझ्यामुळं तुझं बंद पडलं म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"समदी म्हणत्यात. म्हातारं कायतरी वंगाळ बोललं, म्हणून कंपनीनं काढलं. मी शिवी दिली व्हय गं? आठवत न्हाय मला."

या माणसाच्या तोंडून मी कधी शिवी ऐकलेली नाही, मेंढरालासुद्धा. कुठल्या तरी यंत्राला त्यांचं बोलणं कळलं नाही आणि हा माणूस आठवत बसला होता, आपण काय गुन्हा केला. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी ठरवलं की त्या कंपनीच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही.

ठरवणं सोपं होतं. जायचं कुठं, ते माहीत नव्हतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच, "दुसरं पेज काढा की!" एक सर म्हणाले, "जरा जपून बोलायला सांगा म्हाताऱ्यांना." मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही.

मार्ग दाखवला आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या असिस्टंटनं. पन्नाशीची बाई, शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली. घरात तेलुगू, कॉलेजात मराठी, आणि सगळं कॉलेज तिला अक्का म्हणतं. ती माझ्यासमोर डबा उघडून म्हणाली, "मॅडम, आपलं आपल्या घरी ठेवू या की."

"म्हणजे?"

"माझ्याकडे जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर तसलंच पेज चालवायचं सॉफ्टवेअर बसवते. फुकट मिळतं, कंपनीचं नाही. असे सर्व्हर लोक घरोघरी चालवतात, आणि ते एकमेकांशी बोलतात. ईमेलसारखं. तुमचं खातं एकीकडे, माझं दुसरीकडे, तरी पत्र पोचतंच ना?"

तीन रविवार गेले. अक्काच्या घरी पूर्वी माग होते त्या खोलीत आता शिलाई मशीन आणि तांदळाचे डबे आहेत. त्या दोहोंच्या मध्ये कॉम्प्युटर ठेवला. इंटरनेटवाल्याला कायमचा पत्ता मागितला तर तो विचारतो, "घरात सर्व्हर कशाला? काय धंदा काढताय का?" वीज गेली की सगळं बंद पडायचं, मग बॅटरी जोडली. दोनदा काहीतरी बिघडून सगळं पहिल्यापासून करावं लागलं. अक्का शांत, मी धुसफुसत. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पेज सुरू झालं. मी जुन्या ओळखीच्या शंभर-सव्वाशे लोकांना पत्ता पाठवला. आले अकरा.

"तिथं कोण येणार बाई, सगळे इकडेच आहेत," एकीनं कळवलं. पूर्वी माझ्या प्रत्येक आवाजाखाली डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिणारी हीच. एक जास्तीचा पत्ता उघडण्याएवढंही ते पाणी खरं नव्हतं. मी तिला तसं लिहिलं. अक्का म्हणाली, असं लिहायला नको होतं. पण मी लिहिलं.

आवाज पुन्हा गोळा करायचे, तर सुरुवात तात्यांपासून करायची असं मी ठरवलं. त्यांनी आढेवेढे घेतले, मग बसले. मी फोन समोर धरला. ते खाकरले आणि बोलायला लागले, "आम्ही मेंढीच्या पिल्लाच्या कानाला खूण करतो. ही आमची पद्धत आहे."

मी फोन खाली ठेवला. मेंढीचं पिल्लू! कोकरू म्हणणारा माणूस, 'आहे'ला 'हाय' म्हणणारा माणूस, शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढं बोलावं तसा बोलत होता. "तात्या, हे काय?"

"नातवाकडनं शिकून घेतलं. रगत म्हणायचं न्हाय, काप म्हणायचं न्हाय. पुन्यांदा काढून टाकतील की."

मी उठून गोठ्यामागं गेले आणि तिथं उभी राहून रडले. दुःखानं नव्हे, संतापानं. ही बोली वाचवायला मी निघाले होते, आणि माझ्याच त्या पेजनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. त्यांना तिथं नेलं कुणी? मीच.

परत आले आणि सांगितलं, "हितं कोणी काढणार न्हाय. कॉम्प्युटर माझ्या मैत्रिणीच्या घरात हाय."

"बघू तरी," तात्या म्हणाले.

आणि खरंच आले. पुढच्या आठवड्यात एसटीनं, धुतलेलं धोतर नेसून. अक्कानं खुर्ची दिली. ते डब्यांच्या मधल्या त्या काळ्या खोक्याकडे बघत राहिले.

"ह्योच व्हय?"

"हाच," अक्का म्हणाली.

"आन् उद्या तुमच्या मनात आलं, म्हाताऱ्याला काढायचं, तर?"

मला शरमल्यासारखं झालं. मी म्हणाले, "तात्या, अक्का तसं करणार नाही."

"तू गप. मी त्येन्ला इचारतोय."

अक्काला राग आला नाही. ती म्हणाली, "मनात आलं तर मी काढू शकते, खरं आहे. म्हणून दोन गोष्टी करू. काही काढायचं असलं तर मी, मॅडम आणि तुम्ही, तिघांनी हो म्हटल्याशिवाय काढायचं नाही. आणि तुमचे आवाज मी तुमच्याकडेही देते. माझ्याशी भांडण झालं तर ते घेऊन दुसरीकडे जा." तिनं एक पेन ड्राइव्ह त्यांच्या हातावर ठेवला. तात्यांनी तो उलटसुलट केला, बंडीच्या खिशात घातला आणि तिथंच, मागांच्या त्या खोलीत, अर्धा तास बोलले. रगत, काप, सगळं. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. अक्कलकोटच्या पलीकडे असाच सर्व्हर चालवणाऱ्या एका मास्तरांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं की त्यांच्या भागातही कानाची खूण अशीच करतात, आणि तिचा कन्नड शब्द पाठवला. मी तो तात्यांना फोनवर वाचून दाखवला. "बरूबर हाय की," ते म्हणाले, "ह्यो माजा आजा म्हणायचा."

पाच महिन्यांनी मोठ्या कंपनीचा निरोप आला. तुमचे पेज चुकून बंद झाले होते. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. गैरसोय! मी घाईघाईनं सगळे आवाज उतरवून घेतले. मावशी सापडली. ती बारा तऱ्हा सांगत होती आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून ऐकत होते. तात्यांचा व्हिडिओसुद्धा होता, पण त्याच्यावर राखाडी पडदा आणि सूचना: हा मजकूर काहींना अस्वस्थ करू शकतो.

मला ते पेज त्याच दिवशी पुसायचं होतं. तात्यांनी अडवलं. "ऱ्हाऊ दे. आपली मानसं तितं हायत अजून."

"आणि तो पडदा?"

त्यांनी विषय बदलून ज्वारीचं काढलं. पण त्यांना काय बोचतंय ते मला कळलं. गावात त्यांच्यावरचा ठपका तसाच होता.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना घेऊन सकाळी पारावर गेले. नेहमीची आठ-दहा मंडळी होती. "वंगाळ बोलले" असं म्हणणारे दुकानदारही होते. मी आमच्या नव्या पेजवरून तो मूळ व्हिडिओ लावला, फोनचा आवाज पूर्ण वाढवून. तात्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. व्हिडिओ संपला.

"फुडं?" दुकानदारांनी विचारलं.

"पुढं काही नाही. एवढंच आहे."

"एवढ्यावर बंद केलं व्हय?"

"एवढ्यावर. आणि तुम्ही एवढ्यावर सहा महिने या माणसाला नावं ठेवली."

"आमाला काय ठावं, बाई. कंपनीनं काढलं म्हंजे कायतरी असंल, असं वाटलं."

एकानं तात्यांना बसायला जागा केली. ते बसले आणि पावसाचं बोलायला लागले, जणू काही झालंच नव्हतं. त्यांचं मन मोठं आहे. माझं नाही. मी तिथं न बसता घरी निघून आले.