उटकटारीची मुळी

हे मी आजवर कोनालेच सांगितलं नाही — नवऱ्याले नाही, पोटच्या पोरालेही नाही. तुले सांगून राह्यली. काहून तुलेच? मले ठाऊक नाही. ऐक फक्त, बाई.

लढाईच्या सालातली गोष्ट. घासलेट मिळत नव्हतं, बाळंतिनीच्या खोलीत दिवसाही अंधार. माही धाकटी जाऊ सुभद्रा अडली होती. आमच्या रिसोडाकडे बाई अडली की बरडावरची उटकटारी आनतात — जांभळ्या गोल बोंडाचं, अंगभर काट्याचं झुडूप. त्याच्यापुढं हळदकुंकू वाह्यचं, आपली सावली पडू न देता मुळी खनायची अन् बाईच्या केसात बांधायची. पोर आलं की लगेच सोडायची. गोदी सुईनीनं मुळी आनाले मलेच धाडलं.

गेली मी. झुडूप सापडलं. काटे टोचले म्हनून परत फिरली — असं स्वतःलेच किती वर्सं सांगत आली. खोटं. हळदकुंकवाची पुडीसुद्धा सोडली नाही मी. माही कूस रिकामी, अन् ही मागून आलेली. हिच्या डोहाळजेवनात मीच राबली. जळली मी, असंच म्हन. ती मरावी असं नव्हतं मनात... पन थोडी अजून ओरडू दे — हे होतं. हे काय कमी आहे?

बांधावरच्या तरोट्याची, साध्या तनाची, मुळी उपटली, धुतली, चिंधीत गुंडाळली, अन् मीच तिच्या वेनीत बांधली. अंधारात कोन पाहते?

पोरगं आलं ते रडलंच नाही.

त्या मुळीनं ते वाचलं असतं का? शिकलेले लोक हसतील. मले नाही सांगता येत. पन गोदीनं साऱ्यांदेखत मले विचारलं, "बाई, मुळी उटकटारीचीच होती ना?"

"हो. तू सांगतली तीच."

सासूनं गावभर केलं — गोदीच्या हाताले जस नाही. मंग तिले कोनी बाळंतपनाले बोलावलंच नाही. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली, अन् ती आमच्याच वावरात निंदाले येऊ लागली. मी बांधावरून पाह्यची.

पुढं माहे दिवस भरले. मीही अडली. तवा बरडावर कोन गेलं असेल? सुभद्रा. रक्ताळल्या बोटांनी तिनं मुळी माह्या केसात बांधली. पोरगा टाहो फोडत आला. मुळी सोडता सोडता ती म्हनली, "त्या गोदीचाच हात वाईट, जाऊबाई. नाही तं माहं बी वाचलं असतं."

मी हो म्हनलं.