नंदिनीचं वगळलेलं प्रकरण

नंदिनीला तिच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी फसवलं. तिने चार वर्षं खपून जे शोधलं, ते त्यांनी एका परिषदेत स्वतःच्या नावावर मांडलं. हे मी सौम्य शब्दांत लिहावं असं घरच्यांचं म्हणणं आहे. मला सौम्य शब्द येत नाहीत.

नंदिनी माझ्या बायकोची धाकटी बहीण. माझं वारज्याला औषधांचं दुकान आहे. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी मी एका कंपनीच्या माणसाशी मुदत संपत आलेल्या मालावरून हुज्जत घालत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला. ‘‘नंदा गेली...’’ मी त्याच तिरमिरीत म्हणालो, ‘‘कुठे गेली आता?’’ पलीकडे ती रडायला लागली, तेव्हा कळलं. कॉलेजला निघताना जिन्यातच कोसळली होती. हृदय. वय चव्वेचाळीस. प्रबंध दाखल झालेला, तोंडी परीक्षेची तारीख यायची होती.

तिने एम.फार्म. केलं, मग एका औषध कंपनीच्या मार्केटिंग विभागात बरीच वर्षं काढली. डॉक्टरांपुढे कोणत्या गोळीचं कौतुक कसं करायचं, हे प्रतिनिधींना शिकवायची. चाळिशीला आल्यावर एक दिवस म्हणाली, ‘‘दाजी, औषध लिहून कसं घ्यायचं ते मला कळतं. लिहिलेलं औषध माणूस अर्धंच का विकत घेतो, ते कोणालाच माहीत नाही. मी त्यावर पीएच.डी. करणार.’’ मी म्हणालो, ‘‘त्याला पीएच.डी. कशाला? चहा पिता पिता मी सांगतो.’’ ‘‘तुम्ही सांगाल ते तुमचं मत. मला पुरावा हवाय.’’ मी घाऊक बाजारात खोकी उचलण्यापासून सुरुवात केली, रात्रशाळेत शिकलो, मग डिप्लोमा, मग दुकान. मला कोणी पुरावा मागितलेला चालत नाही. पण हिच्यापुढे इलाज नव्हता.

संध्याकाळी सात ते नऊ ही आमची गर्दीची वेळ. बाईसाहेब नेमक्या तेव्हाच यायच्या. माझ्या गल्ल्याशेजारी स्टूल टाकायचं, मांडीवर वही. गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘सध्या पाचच गोळ्या द्या, घरी आहेत,’’ की मी कात्रीने स्ट्रिप कापणार आणि ही मध्येच विचारणार, ‘‘घरी किती आहेत?’’ एक म्हातारबाबा भडकले होते, ‘‘हायेत म्हनलं ना घरी! तू कोन, कलेक्टर?’’ ‘‘नाही हो बाबा, विद्यार्थिनी.’’ बाबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘या वयात? नापास झालीस व्हय?’’ दुकान हसलं. सगळ्यात जास्त तीच हसली. मी मात्र वैतागलो होतो, कारण मागची रांग पायरीच्या खाली गेली होती.

पण तिने जे पकडलं, ते मला तीस वर्षांत दिसलं नव्हतं. मागे रांग असली की माणूस म्हणायचा, ‘‘घरी आहेत.’’ दुकान रिकामं असलं की तोच माणूस हळूच विचारायचा, ‘‘पूर्ण कोर्सचे किती होतील?’’ म्हणजे घरी गोळ्या नसायच्याच. चार लोकांत किंमत विचारायची लाज. आणि आजवरच्या पाहण्यांच्या छापील कागदांवर हीच माणसं ‘घरी साठा आहे’ म्हणून मोजली जात होती. तिने माझ्या मागे लागून काउंटरचं एक टोक मोकळं करायला लावलं, मध्ये कपाट आडवं घातलं. मी म्हणालो, ‘‘माझी शोकेसची जागा जाते.’’ ‘‘जाऊ द्या. महिनाभर बघा.’’ महिन्याभरात माणसं त्या कोपऱ्यात येऊन किंमत विचारायला लागली. मग डॉक्टरांना फोन करायचा, तेच औषध स्वस्त कंपनीचं चालेल का विचारायचं, आणि पूर्ण कोर्स द्यायचा. तेच म्हातारबाबा पहिल्यांदा सगळ्या गोळ्या घेऊन गेले. त्या दिवशी तिने वही मिटली आणि नुसती बसून राहिली.

त्यावर तिने एक प्रकरण लिहिलं. मार्गदर्शक म्हणाले, ‘‘या दुकानातल्या गप्पा झाल्या, संशोधन नव्हे.’’ पाच-सहा महिन्यांनी परिषदेत त्याच गप्पा त्यांच्या नावाने पडद्यावर आल्या. आडवं कपाट, रांग, लाज, सगळं. म्हातारबाबांचं ‘हायेत म्हनलं ना घरी’सुद्धा. नंदिनी प्रेक्षकांत बसली होती.

तिला महाविद्यालयाच्या समितीकडे लेखी तक्रार करायची होती. आणि इथे मला माझंही लिहायला हवं. तिला मी थांबवलं. माझा हिशोब साधा होता: ज्याच्या सहीवाचून आपला प्रबंध अडला आहे, त्याच्याशी आधी भांडायचं नाही. माल ताब्यात घ्यायचा, मग बोलायचं. आयुष्यभर मी असेच सौदे केले. तिला घेऊन कर्वेनगरला त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, ‘‘सर, ते प्रकरण तुमच्याकडे राहू द्या. हिचा बाकीचा प्रबंध अडवू नका.’’ ते प्रसन्न हसले. ‘‘आपण व्यवहारी माणूस आहात.’’ मला ते कौतुक वाटलं! प्रबंधातून प्रकरण निघालं, आठवड्यात सही झाली. त्या दिवशी केबिनमधून परतताना गाडीत नंदिनी म्हणाली, ‘‘दाजी, तुम्ही आज काय विकलंत, कळलं का?’’ मी तिच्यावरच ओरडलो. म्हणालो, ‘‘पदवी मिळू दे, मग बघू त्याच्याकडे.’’ त्यावर ती फक्त ‘‘बरं’’ म्हणाली... तिचं ‘बरं’ कसं असायचं हे तिच्या बहिणीला विचारा.

शोकसभेत ते सर आले. पांढरा सदरा, जड आवाज. म्हणाले, ‘‘नंदिनी कष्टाळू होती. माझ्या संशोधनासाठी माहिती गोळा करण्यात तिची मोलाची मदत झाली.’’ ‘माझ्या’ संशोधनासाठी. ‘मदत’. मी उठलो होतो. बायकोने हात धरून खाली बसवलं. तिथे बसलो, ही माझी दुसरी चूक.

आता परवाच कळलं की सर त्याच विषयावर पुस्तक काढताहेत. तर सर, माझ्या बाजूचं उत्तर मी इथे, सर्वांसमोर दिलं आहे: मी सौदा केला, तो करायचा मला अधिकार नव्हता, आणि आज तो मोडतो आहे. तिच्या वह्या माझ्याकडे आहेत, प्रत्येक पानावर तारीख आहे. त्यांच्या प्रती आणि तिची द्यायची राहून गेलेली ती तक्रार मी या आठवड्यात तुमच्या समितीकडे देतो आहे. पुस्तक निघण्याआधी तुम्ही एवढंच सांगायचं. माणूस रांगेत खोटं का बोलतो, हे तुम्हाला कोणत्या संध्याकाळी, कोणत्या दुकानात उभं राहून कळलं? त्या दुकानात तुम्ही एकदा तरी आला होतात का? आणि समितीला विचारतो: वगळलेलं प्रकरण तिच्या नावाने प्रबंधात परत कधी घालणार? या वेळी मी एक पैसाही कमी करणार नाही. उत्तर द्या.